नकार द्यायला कोण शिकवतं?

पुनर्वसन समुपदेशक, म्हणजे अपंगांना शिक्षणाच्या आणि नोकरीच्या वाटेवर मदत करणारा, म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हळू आवाजात बोलणारा, समोरच्याचं शांतपणे ऐकून घेणारा माणूस. हे चित्र चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. त्याच्या टेबलावर एक फाइल असते आणि त्या फाइलवर सही त्याची असते. अपघातात हात गमावलेल्या सुताराला सरकारी खर्चाने नवं काम शिकता येईल का, अंध मुलीच्या वकिलीच्या शिक्षणाचा खर्च उचलायचा की तिची एखाद्या किरकोळ कोर्सवर बोळवण करायची, स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या तरुणाला आत्ताच नोकरीसाठी मदत करायची की ‘अजून तयारी नाही’ असा शेरा मारून थांबवायचं, हे तो ठरवतो. त्याला औषध लिहून देता येत नाही, न्यायाधीशासारखा निकालही देता येत नाही. तरीही त्याने लिहिलेल्या एका परिच्छेदाने समोरच्या माणसाच्या पुढच्या तीस वर्षांची दिशा बदलू शकते.

अशा माणसाला विद्यापीठाने काय शिकवावं? अमेरिकेत या पेशाचं पदव्युत्तर शिक्षण चांगलंच रुजलं आहे. पण तिथेही वाद बरीच वर्षं ‘मास्टर्सची पदवी हवी की नको’ याच्याभोवतीच घुटमळतो आहे. पदवी हवी, असं माझं मत आहे. पण ती ज्या कारणासाठी हवी, तेच अभ्यासक्रमातून निसटलं आहे. मुलाखतीचं तंत्र, चाचण्या, समुपदेशनाचे सिद्धान्त यांना तास मिळतात. नकार कधी द्यायचा, कधी द्यायचाच नाही आणि दिलेला नकार चुकला तर त्याची किंमत कोण मोजतं, या प्रश्नांच्या वाट्याला नीतिशास्त्राच्या विषयातला एखादा कोपरा येतो.

हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांसाठी १९१८ मध्ये आणि सामान्य नागरिकांसाठी १९२० मध्ये अमेरिकेने व्यावसायिक पुनर्वसनाचे कायदे केले. तीसेक वर्षं हे काम शिक्षक, माजी सैनिक, समाजसेवक असे जे मिळतील ते लोक करत होते. १९५४ मध्ये कायदा बदलला आणि समुपदेशक घडवण्यासाठी केंद्र सरकार विद्यापीठांना अनुदान देऊ लागलं. त्या वेळी या खात्याची सूत्रं मेरी स्विट्झर यांच्याकडे होती. विद्यापीठांत विभाग निघाले, प्राध्यापक आले. १९७२ मध्ये अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद आणि १९७४ मध्ये समुपदेशकांना प्रमाणपत्र देणारा आयोग स्थापन झाला. पेशा म्हणायला जे जे लागतं ते सगळं जमलं.

पण पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी ज्या कार्यालयात रुजू होई, तिथला हिशेब वेगळा होता. प्रत्येक फाइलला एक सांकेतिक क्रमांक असे. माणूस नोकरीला लागला, ठरावीक दिवस टिकला, की फाइल ‘२६’ वर बंद. सेवा देऊनही यश आलं नाही तर ‘२८’. अर्जाच्या टप्प्यावरच परत पाठवलं तर ‘०८’. वर्षअखेर तुझे सव्वीस किती झाले, यावरून समुपदेशकाची लायकी ठरायची. मग जो थोड्या मदतीने लगेच नोकरीला लागेल त्यालाच आधी घ्यायचं, हे ओघानेच आलं. या प्रकाराला त्या वर्तुळात ‘क्रीमिंग’ म्हणतात: वरची साय काढून घ्यायची. ज्याचं अपंगत्व जास्त त्याची फाइल जड, आणि जड फाइल कुणालाच नको. विद्यापीठात कितीही समानुभूती शिकून आला असला तरी समुपदेशक सहा महिन्यांत हे गणित शिकायचाच, कारण त्यावर त्याची बढती होती.

एड रॉबर्ट्स यांची कथा अपंगांच्या चळवळीत सगळ्यांना माहीत असते. ती बहुतेक वेळा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. मला ती एका समुपदेशकाच्या शेऱ्याची कथा वाटते. रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलं आणि श्वासासाठी लोखंडी फुफ्फुसाच्या यंत्रात झोपावं लागू लागलं. १९६२ च्या सुमारास त्यांना बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी राज्याच्या पुनर्वसन खात्याकडे मदत मागितली. हा मुलगा इतका अपंग आहे की तो कधीही नोकरी करू शकणार नाही, म्हणून त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष समुपदेशकाने काढला. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर खात्याने निर्णय फिरवला. रॉबर्ट्स शिकले. १९७२ मध्ये बर्कलीत अपंगांनी स्वतःच चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यांना राज्याच्या पुनर्वसन खात्याचं संचालक नेमलं. म्हणजे ज्या खात्याने त्यांना नोकरीसाठी नालायक ठरवलं, ते अख्खं खातं त्यांनी आठ वर्षं चालवलं.

या कथेतला समुपदेशक दुष्ट होता असं मानून आपण मोकळे होतो, तिथेच गफलत होते. त्याने नियम पाळला होता. नोकरीची वाजवी शक्यता दिसत नसेल तर खर्च करू नये, ही तेव्हाची रीतच होती. समोर वैद्यकीय अहवाल होता. अशा अवस्थेतला कुणी माणूस नोकरी करताना त्याने पाहिलाही नसणार. उपलब्ध पुराव्यावरून त्याचा निष्कर्ष तर्कशुद्ध होता आणि साफ चुकीचा होता. अशी चूक दयाळू स्वभावाने टळत नाही. आपला पुरावा किती तोकडा आहे हे ओळखायची सवय लागते, आणि ती सवय शिकवावी लागते.

कायद्याला हे उमगलं, उशिरा का होईना. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याने तीव्र अपंगत्व असलेल्यांना आधी सेवा द्या असं सांगितलं आणि प्रत्येकाची लेखी योजना त्याच्या सहभागाने करायला लावली. १९९२ च्या दुरुस्तीने तर पारडंच फिरवलं. अर्ज करणारा माणूस सेवेचा लाभ घेऊन काम करू शकेल, हे गृहीत धरायचं. तो करू शकणार नाही असं म्हणायचं असेल तर खात्याने स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा द्यायचा. पुढे त्यात भर पडली ती प्रत्यक्ष कामाच्या चाचणीची. माणसाला खऱ्या कामाच्या ठिकाणी, लागेल तो आधार देऊन, काम करून बघू द्यायचं आणि मगच बोलायचं. कागदावर याहून चांगला नियम शोधून सापडणार नाही. पण ‘स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा’ म्हणजे काय, तो गोळा कसा करायचा, आपल्या मनातला अंदाज आणि पुरावा यांत फरक कसा करायचा, हे कौशल्य आहे. शस्त्रक्रियेइतकंच सरावाचं. त्याचा सराव कुठे होतो?

वर्गात जे होतं त्याचा एक नमुना बघू. अपंगत्वाची ‘जाणीव’ करून देण्यासाठी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, किंवा त्यांना तासभर चाकाच्या खुर्चीत बसवून इमारतीतून फिरवायचं, हा प्रकार फार लोकप्रिय आहे. विद्यार्थी धडपडतात, भिंतीला आपटतात, घाबरतात आणि शेवटी डोळे पुसत सांगतात की आम्हाला आता कळलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की डोळ्यांवर पट्टी बांधून अंधत्वाचा अनुभव घेतलेल्या लोकांना त्यानंतर अंध माणसं नोकरी करायला आणि स्वतंत्र राहायला कमी सक्षम वाटू लागली. साहजिक आहे. त्या एका तासात अंधत्व नव्हे, अंधत्वाचा पहिला तास कळतो. पांढरी काठी, ब्रेल, स्क्रीन रीडर, रस्त्याच्या आवाजावरून चौक ओळखणं, यांतलं काहीच हाताशी नसताना अंधारात सोडलेल्या माणसाला जे वाटेल ते वाटतं. आणि हाच विद्यार्थी पुढे अंध अर्जदाराची फाइल उघडतो. रॉबर्ट्स यांच्या समुपदेशकाचा तोकडा पुरावा आपण असा वर्गात नव्याने तयार करतो आहोत, वर त्याला संवेदनशीलता म्हणतो आहोत.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. लुइझियाना टेक विद्यापीठाने नव्वदच्या दशकात अंधांना काठीने फिरायला शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी वेगळ्या धर्तीचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातले डोळस विद्यार्थीही डोळ्यांवर पट्टी बांधतात, पण तासभर नव्हे; महिनोन्‌महिने, आणि तेही अंध प्रशिक्षकांच्या हाताखाली. अंध माणूस अंधांना रस्त्यावर चालायला शिकवू शकतो हे मान्य करायला या क्षेत्रातल्या मंडळींना बराच काळ लागला होता. शिकणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी शिक्षकाला दिसलंच पाहिजे, असा युक्तिवाद असे. या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यात अंधत्वाची जी प्रतिमा असते ती सराईत अंध माणसाची असते. एका तासाच्या नाटकातून आणि काही महिन्यांच्या शागिर्दीतून दोन वेगळ्या नजरेची माणसं निघतात.

आता नाण्याची दुसरी बाजू, जिच्याबद्दल या पेशातली माणसं फारशी बोलत नाहीत. पुनर्वसन समुपदेशनाची पदवी घेतलेल्यांपैकी काहीजण ‘व्होकेशनल एक्स्पर्ट’ म्हणून काम करतात. अपंगत्वाचा सरकारी भत्ता मागणाऱ्या माणसाची सुनावणी होते तेव्हा न्यायाधीश या तज्ज्ञाला विचारतो, एवढं एवढं करू शकणाऱ्या माणसासाठी देशात कोणती कामं आहेत? तज्ज्ञ कामांची नावं आणि संख्या सांगतो. ‘कामं आहेत’ असं तो म्हणाला की भत्ता मिळणं अवघड. इथे ‘हा काम करू शकतो’ हाच नकार होतो. हे उत्तर वर्षानुवर्षं ज्या व्यवसायकोशाच्या आधाराने दिलं गेलं तो १९३९ मध्ये पहिल्यांदा निघाला आणि १९९१ नंतर त्याची सुधारित आवृत्तीच आली नाही. सुकामेवा निवडणारा, लाकडी खुंट्या तपासणारा असली कामं त्यात होती. ती जवळपास संपली तरी सुनावणीच्या कागदावर जिवंत होती. २०२४ मध्ये हा भत्ता देणाऱ्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने अशी ११४ कामं यापुढे आधार म्हणून धरायची नाहीत असं जाहीर केलं. तोवर किती जणांना ‘तुम्ही सुकामेवा निवडू शकता’ म्हणून घरी पाठवलं गेलं असेल, कोण जाणे.

याच व्यवस्थेतलं एक प्रकरण २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बिएस्टेक विरुद्ध बेरीहिल. बांधकामावर राबलेला एक माणूस, आणि त्याच्या सुनावणीत तज्ज्ञ सांगते की देशात बेंच असेम्ब्लरची २,४०,००० आणि सॉर्टरची १,२०,००० कामं उपलब्ध आहेत. हे आकडे कुठून आले, असं वकिलाने विचारलं. काही आकडे माझ्या स्वतःच्या पाहणीतले आहेत, त्या फायली गोपनीय असल्याने देता येणार नाहीत, असं उत्तर आलं. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की माहिती उघड केली नाही एवढ्यानेच तज्ज्ञाची साक्ष बाद होत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. मला त्यातून एवढंच दिसतं की या पेशातल्या माणसाचा शब्द प्रमाण मानला जातो, कागद न बघता. ज्या पदवीच्या बळावर असा शब्द चालतो, त्या पदवीत ‘हा आकडा तू कुठून आणलास’ हा प्रश्न रोज विचारला गेला पाहिजे.

पदवी नकोच म्हणणाऱ्यांची बाजू कमजोर नाही, हे इथे सांगायला हवं. मनोविकार असलेल्या लोकांना नोकरी मिळवून देण्यासाठी रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये ‘आयपीएस’ (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) नावाची पद्धत विकसित केली. तिचं पहिलं तत्त्व असं की ज्याला काम करायची इच्छा आहे त्याला कुणीही नाकारायचं नाही. तयारी झाली का, आजार किती आटोक्यात आहे, यावरून गाळणी लावायची नाही. लगेच खऱ्या नोकरीचा शोध सुरू करायचा आणि नोकरी लागल्यावरही साथ सोडायची नाही. अनेक देशांत झालेल्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या पद्धतीपेक्षा साधारण दुप्पट लोकांना या मार्गाने नोकरी मिळालेली दिसते. आणि हे काम करणाऱ्यांकडे बहुधा मास्टर्सची पदवी नसते. मग कशाला हवं दोन-तीन वर्षांचं महागडं शिक्षण? २०१४ च्या अमेरिकी कायद्याने हाच सूर धरला: पदव्युत्तर शिक्षणाचा आग्रह सैल केला, पदवी आणि वर्षभराचा संबंधित अनुभव पुरेसा मानायला वाट करून दिली.

पण आयपीएसचं यश नीट पाहिलं तर ते अशिक्षितपणाचं यश नाही. तिथे नकार देण्याचा अधिकारच काढून घेतला आहे, आणि पद्धत नीट पाळली जाते का हे पंचवीस निकषांच्या मोजपट्टीवर बाहेरचा माणूस येऊन तपासतो. समुपदेशकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही, म्हणून ते चालतं. सरकारी पुनर्वसन खात्यात मात्र अधिकार कायम आहे: पात्रता, उद्दिष्ट, खर्च, फाइल बंद करणं. अधिकार तसाच ठेवून शिक्षण तेवढं कमी करायचं, हा सौदा अपंग माणसाला सर्वांत महाग पडतो. एकतर अधिकार काढा, नाहीतर तो वापरायचं शिक्षण द्या.

विद्यापीठं दुसऱ्याच दिशेला निघाली आहेत. २०१७ मध्ये पुनर्वसन समुपदेशनाची मान्यता परिषद समुपदेशनाच्या मोठ्या मान्यता संस्थेत विलीन झाली. साठ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, शंभर तासांचं प्रात्यक्षिक, सहाशे तासांची इंटर्नशिप असा भक्कम सांगाडा मिळाला, समुपदेशनाच्या परवान्याची वाट सोपी झाली. पण आठ मूलभूत विषयांत व्यवसायविकास हा एक. ओढ सगळी मानसोपचाराकडे. आणि परवाना मिळाल्यावर, शंभरावर फायली असलेल्या सरकारी टेबलापेक्षा खासगी समुपदेशन कुणालाही बरंच वाटणार. म्हणजे कायदा समुपदेशकाला कारकून करायला निघाला आहे आणि विद्यापीठ त्याला थेरपिस्ट करायला. नोकरी मागायला आलेल्या माणसाला दोघांचाही उपयोग बेताचाच.

त्याला काय हवं असतं? भत्ता घेणारा माणूस नोकरीला का घाबरतो याचं उत्तर पुष्कळदा त्याच्या मनात नसतं, हिशेबात असतं. पगार सुरू झाला की भत्ता कधी थांबेल, आरोग्यविमा राहील का, भत्ता चालू ठेवून काम करून बघायचा नऊ महिन्यांचा चाचणी काळ कसा मोजतात, नोकरी सुटली तर परत मागे येता येईल का. हा हिशेब कागदावर मांडून दाखवता येणारा समुपदेशक दहा सत्रांच्या समुपदेशनापेक्षा जास्त आत्मविश्वास देतो. ‘प्रेरणेचा अभाव’ असा शेरा मारलेल्या किती फायलींत खरं तर या हिशेबाचा अभाव असेल! हा विषय पूर्ण सत्राचा हवा. कारखान्यात, गोदामात, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपाशी उभं राहून एखादं काम नेमकं कोणकोणत्या हालचालींनी होतं ते टिपून घेणं हाही सत्रभराचा विषय हवा, कारण कोशातली कामं आणि प्रत्यक्षातली कामं वेगळी असतात.

आणि नकार. माझी सूचना साधी आहे: इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्याने प्रस्तावित केलेला प्रत्येक नकार, मग तो पात्रतेचा असो, उद्दिष्टाचा असो की खर्चाचा, एका अपंग परीक्षकापुढे लेखी मांडला जावा. कोणता पुरावा, कुठून आला, उलट पुरावा शोधला का, प्रत्यक्ष काम करून बघू दिलं का. परीक्षकाला मानधन असावं आणि विद्यार्थ्याला नापास करण्याचा हक्कही असावा. पाहुणा वक्ता म्हणून बोलावून शाल-श्रीफळ देऊन परत पाठवणं म्हणजे सहभाग नव्हे.

सगळेच नकार चुकीचे असतात असं मी म्हणत नाही. पैसा मर्यादित असतो. अमेरिकी कायद्यातच, निधी पुरत नसेल तर तीव्र अपंगत्व असलेल्यांना आधी घेऊन बाकीच्यांना प्रतीक्षायादीवर ठेवायची तरतूद आहे. पण ‘आमच्याकडे पैसे नाहीत’ आणि ‘तुला जमणार नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं खात्याबद्दल आहे, दुसरं माणसाबद्दल. कार्यालयाला पहिलं बोलायची लाज वाटते म्हणून दुसरं बोललं जातं, आणि ऐकणारा ते आयुष्यभर स्वतःबद्दलचं सत्य म्हणून वागवतो. पहिलं वाक्य स्पष्टपणे उच्चारायचं धैर्य हा शिक्षणाचाच भाग आहे. कदाचित सगळ्यात अवघड भाग, कारण ते उच्चारताना वरिष्ठ नाराज होतात.

विद्यापीठं म्हणतील, साठ श्रेयांकांत हे बसवायचं कुठे? बसतं. पट्टी बांधायचे तास काढा, जुन्या चाचण्यांची पारायणं कमी करा. आणि ती तरीही हलली नाहीत तर सरकारच्या हाती एक दोरी आहे. अमेरिकी केंद्र सरकार या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देतं. एक वर्षाची शिष्यवृत्ती घेतली की दोन वर्षं पुनर्वसनाच्या क्षेत्रात सेवा करायची, नाहीतर पैसे परत, असं विद्यार्थ्यावर बंधन असतं. विद्यापीठालाही तसंच बांधून घेता येईल. आपल्या पदवीधरांनी हाताळलेल्या फायलींपैकी किती ‘जमणार नाही’ म्हणून बंद झाल्या, नोकरीला लागलेल्यांपैकी किती जण दोन वर्षांनी टिकून होते, नव्वद दिवसांनी नव्हे, आणि त्या विभागात शिकवणाऱ्यांत अपंग प्राध्यापक किती, हे नावं गाळून दर पाच वर्षांनी छापायचं. जो विभाग छापणार नाही त्याचं पुढचं अनुदान थांबवायचं.